तीन नंबरवरचा रुमाल

९ जानेवारी २००७, मंगळवार

आज सेंटरवर भांडण झालं आणि त्याचं मूळ मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये निघालं. डायलिसिसच्या पाच नंबरच्या मशीनपुढे दोन पेशंट उभे. दोघांच्या हातात आमच्याच प्रिंटरच्या चिठ्ठ्या आणि दोन्हींवर पाच नंबर. एक गडहिंग्लजचे निवृत्त मास्तर, दुसरी इचलकरंजीची तानाबाई, मागावर कांड्या भरणारी. मास्तरांच्या जावयानं हॉल डोक्यावर घेतला होता. शेवटी तानाबाईच म्हणाली, "बसू द्या त्यास्नी. मी काय, वेटिंगचीच हाय." आणि खाली बाकावर जाऊन बसली. तिचं तोंड सुजलेलं होतं.

सेंटर ट्रस्टचं आहे, मशीन सहा. जुन्या पेशंटांचे वार आणि मशीन ठरलेले असतात. पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासात जो आला नाही, त्याची त्या दिवसाची जागा वेटिंगवाल्याला जाते. वेटिंग खाली राजवीर बघतो. वर हॉलच्या दारात अनुजाताई बसतात, आलेल्या पेशंटचं वजन घेऊन त्याची नोंद करतात. दोघांच्या पुढ्यात यादी एकच. आज दोघांनी एकाच वेळी पाच नंबरची ओळ उघडली, दोघांनाही ती रिकामी दिसली, आणि दोघांनीही भरली.

आमचे अण्णा तीन नंबरवर नळ्या लावून पडले होते. मंगळवार आणि शुक्रवार सकाळ त्यांची. आरडाओरडा ऐकून त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि शेजारच्या पेशंटला म्हणाले, "ह्यो आमचा पोरगा, जितू. ह्ये कॉम्प्युटरचं सगळं त्येनंच केलंय."

नेमकं तेव्हाच सांगायची काय गरज होती? मी जिना उतरून सटकलो.

१० जानेवारी, बुधवार

चूक सापडली. दुसऱ्याला सेव्ह करताना एरर येत होती, पण चिठ्ठी त्याआधीच छापून पेशंटच्या हातात पडत होती. वरातीमागून घोडं.

ऑफिसात सयाजी सरांनी, आमच्या साहेबांनी, मला केबिनमध्ये बसवून सगळं वदवून घेतलं. हायबरनेट, म्हणजे आमचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातला दुवा, टेबलातली ओळ उचलून जावाच्या ऑब्जेक्टमध्ये आणून देतं, म्हणजे तिची एक प्रत काढतं. आपण त्या प्रतीवर काम करतो आणि मग ते ती परत लिहितं. मी आशावादी लॉक वापरला होता. म्हणजे आधी कुणालाच अडवायचं नाही. परत लिहिताना बघायचं, मधल्या वेळात ओळ कुणी बदलली का. बदलली असेल तर दुसऱ्याला नाही म्हणायचं.

"आशावादी?" सर म्हणाले. "कोल्हापुरात? आरं हितं फुटबॉलच्या मॅचला पंच जीव मुठीत धरून उतरतोय. निराशावादी घाल. भांडण हुणारच म्हणून चालायचं. ज्यानं आधी उघडली त्येचं कुलूप. त्यो सोडंपर्यंत दुसऱ्यानं गप थांबायचं."

मी उठल्यावर परत हाक मारली. "एक ध्यानात ठेव. कुलूप लावून माणसाला विचार करत बसवायचं न्हाई. माणूस चहाला जातोय."

मी मान हलवली. सर सगळ्याच गोष्टींत चहा आणतात.

१४ जानेवारी, रविवार

हातकणंगल्याला घरी जाऊन आलो. आईनं वांग्याची भाजी केली होती. अण्णांना तीही मोजून मापून, पाणीही मोजून. ते पाण्याच्या ग्लासाकडे बघत नाहीत, त्यांना बघवत नाही म्हणून मीही पाणी मोरीत जाऊन पितो.

अण्णांनी सॉफ्टवेअरचं काय झालं ते विचारलं. मी लॉक समजावून सांगायला लागलो. त्यांनी दोन वाक्यांतच मला थांबवलं.

"म्हंजे रुमाल."

"कसला रुमाल?"

"स्टँडवर गाडी लागली की खिडकीतनं सीटवर रुमाल टाकत्यात. रुमाल पडला की सीट त्येची. त्यो दारातनं घुसून येईपर्यंत कोण बसत न्हाई."

बत्तीस वर्षं कोल्हापूर–इचलकरंजी गाडीवर कंडक्टर असलेल्या माणसाला सगळं जग एसटीत बसलेलं दिसतं. मी म्हटलं, बरोबर, तसंच. मग विचारलं, "आणि रुमालवाला आलाच नाही तर?"

"मी कुणाचा रुमाल कधी उचललो न्हाई," अण्णा म्हणाले. "माणूस मागनं पळत येत असतोय."

"आणि पोराला घेऊन उभी असलेली बाई?" आई चुलीपाशी होती, तिथूनच बोलली. "तिनं काय करायचं? ह्ये असं बोलतोय माणूस आणि स्वतः कधी रुमाल टाकत न्हाई. पासवाल्यानं बसायचं आणि तिकीटवाल्यानं उभं ऱ्हायाचं, ह्ये बरं दिसत न्हाई म्हणं. दोन दोन गाड्या सोडतोय."

"एखादी सोडतोय," अण्णा म्हणाले. "वेळंत पोचतोय न्हवं?"

अण्णांच्या वेळेबद्दल बोलायची गरज नाही. लहानपणी आमच्या गल्लीत त्यांच्या जाण्यायेण्यावर घड्याळं लावायचे. मी मागे एकदा म्हटलं होतं की मंगळवारी मी न्यायला येतो, तर म्हणाले, मला पावण्यागत कोण न्यायला नको. आज त्यांच्या पायात बूट नव्हते, चपला होत्या. बूट चावतात म्हणाले.

२२ जानेवारी, सोमवार

नवीन व्हर्जन बसवलं. ओळ वाचतानाच कुलूप लाव, असं हायबरनेटला सांगायला एक शब्द बदलावा लागतो. त्या एका शब्दापायी आठ दिवस गेले, कारण चिठ्ठीचं आणि बाकीचं सगळं मागं-पुढं करावं लागलं. वजन टाकल्याशिवाय 'आला' अशी नोंदच होणार नाही, हेही घातलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजनावरच मशीन लावतात.

अनुजाताईंना दाखवलं. ओळ उघडली की तुमची. तुम्ही बंद करेपर्यंत खाली राजवीरला ती मिळणार नाही.

"मी उघडून ठेवली तर?" त्यांनी विचारलं.

"तर तुमचीच."

"कितीबी वेळ?"

"हो, पण तसं करायचं नाही."

त्या बऱ्याच खूश दिसल्या. नाहीतर कॉम्प्युटरपुढे त्यांचा चेहरा दवाखान्यात आल्यासारखाच असतो.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

राजवीरचा तिसरा फोन. "सर, हँग झालंय. नुसतं घड्याळ फिरतंय." परवाच्या मंगळवारीही असंच. तीन नंबरची ओळ उघडायला गेलं की त्याचा स्क्रीन अडकतो आणि पाऊण तासानं आपोआप सुटतो. वर विचारलं तर अनुजाताई म्हणाल्या, आमच्याकडंबी हँग हाय.

तीन नंबर म्हणजे अण्णांचंच मशीन. त्यांना काही त्रास झाला नसेल ना, म्हणून संध्याकाळी घरी फोन केला. आईनं त्यांच्याकडे दिला.

"अण्णा, आज वेळेत पोचला होता ना?"

"मग?"

"मशीन मिळालं?"

"मिळालं की. तुझं चांगलं चाललंय."

म्हणजे अण्णा वेळेत आले, नोंद झाली, आणि तरी ओळीवरचं कुलूप सुटलं नाही. बग माझ्याकडे आहे. त्यांची नोंद कॉम्प्युटरवर उशिराची दिसते, तीही या हँगमुळेच असणार. कनेक्शन कुठंतरी उघडं राहत असेल किंवा लोडशेडिंगनं मशीन अर्धवट बंद पडत असेल. दोन रात्री गेल्या तरी सापडत नाही. डोकं उठलं आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी स्वतः खाली राजवीरजवळ बसलो. पाळी सुरू झाली, अर्धा तास झाला, त्यानं तीन नंबर उघडायचा प्रयत्न केला आणि घड्याळ फिरायला लागलं. समोर बाकावर तानाबाई. सकाळी इचलकरंजीहून निघून येते आणि कुणाची जागा सुटते का बघत बसते. नाही सुटली तर परत जाते. तिनं मला ओळखलं नाही.

"पावणं, ह्ये कॉम्प्युटर सुदरंल का?" तिनं मला विचारलं. "मागच्या टायमाला बी असंच अडाकलं. म्या तशीच गेलो. रात्रभर बसून काढलो, आडवं झालं की दम लागतोय."

मला मान वर करवेना. मी म्हटलं, सुधारेल, याच आठवड्यात. बग सापडो न सापडो, यावर उपाय साधा आहे. कुलपाला वेळ घालायची. दहा मिनिटांत ओळ बंद केली नाही तर आपोआप सुटेल. नोंद झालेल्या पेशंटला काही फरक पडणार नाही, आणि तानाबाईसारखी बाई तरी अडकणार नाही.

वर जाऊन अण्णांना भेटायचं मनात होतं, पण सरांनी ऑफिसला बोलावलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

दहा मिनिटांचं बसवलं. वेळ संपली की स्क्रीनवर येतं: 'आपली वेळ संपली आहे. ही जागा आता दुसऱ्यांसाठी खुली करण्यात आली आहे.' राजेशनं, आमच्या टेस्टिंगवाल्यानं, इंग्रजीत लिहिलं होतं. मी म्हटलं, लोकांना कळेल असं मराठीत लिहू, आणि जरा अदबीनं. चार-पाच वेळा खोडून हे वाक्य जमलं. मला आवडलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही जमलं. राजवीर म्हणतो, आता तुकड्या-तुकड्यानं हँग होतंय. कुलूप दहा मिनिटांनी सुटतं आणि सुटल्या सुटल्या परत लागतं. वरच्याच काउंटरवरून.

मी वर गेलो. अण्णा मशीनवर झोपले होते, तोंड भिंतीकडे. अनुजाताईंना विचारलं, ओळ तुम्ही उघडी ठेवता का?

"चुकून ऱ्हात असंल, सर."

"सारखी चुकून?"

त्यांनी माझ्यामागं हॉलमध्ये बघितलं. मग म्हणाल्या, "ते दहा मिन्टाचं अर्ध्या तासाचं न्हाई करता येणार?"

"मग कुलपाला अर्थ काय उरला, ताई? खाली माणसं थांबलीत."

"ते बी खरंच हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुमचे अण्णा..."

"काय?"

"काय न्हाई. दमल्यात वाटतंय."

मी म्हटलं, वय झालं, दमणारच. चार तास रक्त बाहेर फिरून आत येतं, कोण दमणार नाही? त्यांच्या टेबलापुढे उगाच जोरात बोललो का, असं जिना उतरताना वाटलं.

११ फेब्रुवारी, रविवार

घरी गेलो. अण्णा अंगणात खुर्चीवर होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हातही. आई म्हणाली, हल्ली बोलतच न्हाईत. माझ्याशी बोलले. सॉफ्टवेअरचं विचारलं.

मी सांगितलं, वरच्या काउंटरवरून कुलूप परत परत लागतं. उद्या त्याचा बंदोबस्त करणार. एकदा वेळ संपली की त्या काउंटरला तीच ओळ अर्धा तास उघडता येणार नाही. तेवढ्यात खालचा माणूस घेईल.

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

"ती बाकावर बसत्या ती बाई," ते म्हणाले. "इचलकरंजीची. तिला मिळंल?"

"तुम्हाला कशी माहीत?"

"जिना चढताना दिसत्या की."

"तिला मिळेल. तिच्यासारख्यांसाठीच चाललंय सगळं."

"मग कर," अण्णा म्हणाले. "तुझं काम हाय ते."

निघताना ते मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले. मध्ये तीनदा थांबले. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घराकडे बोट करून काहीतरी सांगत होते, हे कुणी बांधलं, ते कुणी विकलं. मला गाडी गाठायची होती. मी हो हो करत होतो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

जमलं. पूर्ण सकाळ एकही तक्रार नाही. राजवीरनं स्वतः फोन करून सांगितलं, "सर, झकास. तानाबाईला आज पैल्याच पाळीत मशीन मिळालं." सयाजी सरांनी सगळ्यांना भडंग आणि चहा मागवला. चहा आणलाच.

रात्री घरी फोन.

"अण्णा, झालं मशीन?"

"झालं."

"कसं वाटतंय?"

"ब्येस. कॉम्प्युटर चाललं न्हवं?"

"एकदम."

"झालं तर."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही सुरळीत. तानाबाईला परत मिळालं म्हणे. मी तिला नीट ओळखतही नाही, तरी आनंद झाला. आपण लिहिलेल्या चार ओळींनी एक बाई रात्री आडवी होऊन झोपते, याच्यापेक्षा मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही. हे कुणाला बोलून दाखवायचं नाही. इथं लिहायला काय हरकत आहे.

आईचा फोन आला. "जितू, आज त्यांच्या हाताला सुईची पट्टी दिसली न्हाई."

"काढून टाकली असेल."

"मंगळवारी बी न्हवती. मी बघितलो की. आणि पाय लई सुजल्यात."

"तू विचारलंस?"

"इचारलो. वराडतंय माझ्यावर. कधी वराडत न्हाई, आज वराडलं."

मी म्हटलं रविवारी येतो, तेव्हा बघू. डॉक्टरांनाही विचारतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. सयाजी सरांनी मॅचला ओढून नेलं. पेठेतल्या दोन तालमींच्या फुटबॉल संघांची गाठ होती, नाही म्हणणं म्हणजे नोकरी सोडण्यासारखं. दुपारभर घसा बसेपर्यंत ओरडलो. मंगळवारी सेंटरवर जाऊन अण्णांना तिथंच भेटायचं ठरवलं आहे.

संध्याकाळी अण्णांचा फोन. ते स्वतःहून कधी करत नाहीत. "कुठं हाईस?" मी सांगितलं, मॅचला होतो. "बघावी की. तरणं वय हाय." मोठ्यानं श्वास घेत होते, तेवढं ऐकू येत होतं. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाले, "पायऱ्या चढून आलो आत्ता."

आमच्या घराला पायऱ्या नाहीत. हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पीसीओवरून केला असेल, तिथं दोन आहेत.

२१ फेब्रुवारी, बुधवार

अण्णा गेले. काल सकाळी.

पहिल्या गाडीनं निघाले होते. अंधारातच. आईला म्हणाले, आज लवकर जातो, पहिल्या गाडीला बसायला जागा असते. जागा मिळाली, खिडकीची. कोल्हापूर स्टँडवर सगळे उतरले आणि ते बसूनच राहिले. कंडक्टरला वाटलं झोपलेत. नवीन पोरगा होता, त्यानं त्यांना ओळखलं नाही, पासवरचं नाव वाचून ओळखलं. आपल्याच खात्यातला माणूस म्हणून बिचारा रडत होता. गाडी वेळेत आली होती साहेब, असं मला दोनदा म्हणाला.

डॉक्टर म्हणतात, पाणी छातीत साठलं होतं. दोनदा डायलिसिस चुकलं असेल तर असं होतं. मी म्हटलं चुकलेलं नाही, ते कधी चुकवत नाहीत.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले होते. अण्णांचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली ठेवला, खाकी वर्दीतला, खांद्याला तिकिटांची पेटी. आईनं पांढरं नेसलं होतं.

अनुजाताई कोल्हापूरहून आल्या होत्या. जेवल्या नाहीत. माणसं पांगल्यावर मला म्हणाल्या, जरा भाईर येता? आम्ही गोठ्याच्या भिंतीला उभे राहिलो. त्या काय म्हणाल्या ते मी जसं आठवतं तसं लिहून ठेवतो आहे. उद्या मी ते मऊ करून घेईन, माझा भरवसा नाही.

"अण्णा लई दिवस उशिरा येत हुते, सर. उभं ऱ्हाता यायचं न्हाई त्यास्नी. बसायला जागा असलेली गाडी येईपर्यंत सोडायचे गाड्या. मग स्टँडवरनं चालत. पाळी लागून तास झालेला असायचा. मी त्यांची ओळ उघडून बसायचो. तुम्ही सांगितलेलं न्हवं, उघडली की तुमची. अण्णाच म्हणाले हुते, ताई, माझा रुमाल टाका. आयुष्यात पैल्यांदा कुणाला तरी रुमाल टाकायला लावतोय."

त्या भिंतीला टेकल्या.

"मग तुमचं ते दहा मिन्टाचं आलं. मी परत परत उघडायचो. मग तेबी बंद झालं. तेरा तारखेला अण्णा आले तवा जागा गेलेली. दुपारपर्यंत बाकावर बसले. कुणाची जागा सुटली न्हाई. शुक्रवारी बी तसंच. डॉक्टर दोन्ही दिवस मिरजेला हुते."

"खोटी नोंद का नाही केली?" मी विचारलं.

"वजन कुठलं घालू? त्या वजनावर मशीन लावत्यात."

"मला का नाही सांगितलं? मी तिथं तुमच्या टेबलापुढे उभा होतो."

"त्या दिवशी तोंडावर आलतं. पण शपथ घातलेली त्यांनी. शेवटच्या शुक्रवारी मी म्हटलो, अण्णा, आता ट्रस्टच्या सेक्रेटरींकडं तक्रार देतो, सॉफ्टवेअर बदला म्हणून. तर माझा हात धरला. म्हणाले, पोरानं केलंय ते. सगळी चांगलं म्हणाय लागल्यात. बापासाठी नियम वाकवला म्हणतील. आपल्या पोरांची एक चूक धा चुकांवाणी मोजत्यात, ताई. मी मंगळवारी पैल्या गाडीनं येतो, वेळंत येतो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी ऐकायला नको हुतं. माझीबी चूक हाय."

मी त्यांना स्टँडवर सोडून आलो. परत येताना मला अण्णांचा राग आला, इतका की रस्त्यात थांबावं लागलं. एक फोन. जितू, मला उशीर होतो. चार शब्द. त्यांना ते बोलता आले नाहीत, आणि त्यांना कधी उशीर होत नाही हे सगळ्यांना अभिमानानं सांगत फिरणारा मीच. मी बग शोधत होतो. कॉम्प्युटर मला सांगत होता, हा माणूस उशिरा येतोय. मी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला नाही, बापावर ठेवला. अण्णा, मला तुमची फार आठवण येते.

६ मार्च, मंगळवार

आज सेंटरवर गेलो. सयाजी सर म्हणाले, दुसऱ्याला पाठवतो. मी म्हटलं नको, जातो. सरांना मी सगळं सांगितलं आहे. अर्ध्या तासाचा अडसर काढला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. काढला तर वेटिंगवाले बाकावर बसतील, ठेवला तर उशिरा पोचणारे जुने पेशंट. उद्यापासून अनुजाताईंच्या स्क्रीनवर एक नवीन बटण येईल, 'पेशंट वाटेत आहे'. ते दाबलं की खाली राजवीरलाही दिसेल, कोण येतोय आणि का थांबायचं. माणसाला माणसाशी बोलता येईल एवढंच त्यात आहे. ते आधी सुचायला हवं होतं.

तीन नंबरची मंगळवार-शुक्रवारची जागा तानाबाईच्या नावावर कायमची करायची होती. अनुजाताई म्हणाल्या, माझ्या हातनं न्हाई व्हायचं, सर. त्या खुर्चीतून उठल्या. मी बसलो आणि ओळ उघडली.

मशीन तीन. सकाळ. अण्णासो कांबळे, हातकणंगले. शेवटचं वजन एकसष्ट किलो.

कुलूप माझं होतं. नाव पुसायचं आणि दुसरं घालायचं, एवढंच काम. मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो. हॉलमध्ये पाच मशीन चालू होती, तीन नंबरची खाट मोकळी, पांढरी चादर ताणून घातलेली. अनुजाताई पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या. मी काही विचार करत होतो असंही नाही. सर म्हणाले होते, कुलूप लावून माणसाला विचार करत बसवू नको.

'आपली वेळ संपली आहे. ही जागा आता दुसऱ्यांसाठी खुली करण्यात आली आहे.'

मी परत उघडायला गेलो. उघडली नाही. या काउंटरला अर्धा तास मिळणार नव्हती. मीच तसं केलेलं.

मग खालून राजवीरनं ओळ घेतली. माझ्यासमोर नाव बदललं. थोड्या वेळानं तानाबाई कठड्याला धरत जिना चढून आली. अनुजाताईंनी तिचं वजन घेतलं. तीन नंबरच्या खाटेपाशी जाऊन ती थांबली, आणि बसण्याआधी तिनं माझ्याकडे वळून विचारलं, गाडीत विचारतात तसं, "पावणं, हितं कोण हाय का?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "बसा."